अ‍ॅस्फेरिक लेन्स कशी घडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतले वर्कशॉपवाले, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, घरी आरसा घासणारे दुर्बीणवेडे आणि चष्म्याचं दुकान चालवणारे एक काका यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. तेच उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाई असेल त्यांनी ५, १२ आणि १३ एवढे तरी वाचावेत. जॉब अडतात ते बहुतेक तिथेच.

१. अ‍ॅस्फेरिक म्हणजे नेमकं काय? दिसायला तर साध्या लेन्ससारखीच दिसते.

दिसणारच, कारण फरक डोळ्याला दिसण्याइतका नसतो. साध्या लेन्सचा पृष्ठभाग हा चेंडूचा कापलेला तुकडा असतो, म्हणजे सगळीकडे वक्रता सारखी. अ‍ॅस्फेरिकमध्ये मध्यापासून कडेकडे जाताना वक्रता बदलत जाते. बहुतेक वेळा ती कडेला थोडी सपाट होते.

किती थोडी? २५ मिमी व्यासाचा आणि ५० मिमी वक्रता त्रिज्येचा पृष्ठभाग घ्या. गोल असेल तर कडेची खोली १.५८८ मिमी येते. मध्याशी तीच वक्रता ठेवून अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, केला तर १.५६३ मिमी. फरक २५ मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. हे २५ मायक्रॉन आणायचे, आणि आणताना चूक पाव-अर्ध्या मायक्रॉनच्या आत ठेवायची, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

२. गोल लेन्सने बिघडतं काय?

कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा जास्त वळतात आणि अलीकडेच एकत्र येतात. याला गोलीय विपथन म्हणतात. ५० मिमी नाभीय अंतराची, २५ मिमी व्यासाची, एका बाजूने सपाट असलेली साधी काचेची लेन्स घेतली आणि फुगीर बाजू समांतर प्रकाशाकडे ठेवली, तर कडेचे किरण मधल्यांपेक्षा साधारण साडेतीन मिलिमीटर आधी भेटतात. तीच लेन्स उलटी धरली तर हा फरक चौदा मिलिमीटरच्या घरात जातो. प्रयोगशाळेत लेन्स उलटी बसवून ‘फोकसच येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

आता याच उलट्या लेन्सचा फुगीर भाग गोल न ठेवता अपास्त, म्हणजे हायपरबोला, केला आणि त्याचा शांकव स्थिरांक (वक्र गोलापासून किती वेगळा आहे हे सांगणारा आकडा, प्रश्न ५) अपवर्तनांकाच्या वर्गाइतका पण ऋण ठेवला (१.५१६८ च्या काचेला उणे २.३०), तर अक्षावरच्या बिंदूसाठी हा दोष पूर्ण जातो. अंदाजे नाही, गणितानेच पूर्ण.

३. हे गणित जुनं आहे म्हणता, मग शेकडो वर्षं सगळे गोलच का घासत बसले?

गणित फारच जुनं आहे. देकार्तने १६३७ मध्ये अपास्ताचा हा उपाय छापला, सोबत लेन्स घासायच्या यंत्राची कल्पनाही मांडली. अडलं ते कारखान्यात.

घरातला जुना पाटा आठवा. वरवंटा पुढेमागे फिरतो म्हणून पाटा पन्हळीसारखा झिजतो आणि दोघं एकमेकांत नेमके बसतात. तोच वरवंटा सगळ्या दिशांनी आणि स्वतःभोवतीही फिरवत राहिलात तर पाटा वाटीसारखा झिजेल, आणि ती वाटी गोलच असेल. कुठेही सरकवलं, कसंही फिरवलं तरी एकमेकांना पूर्ण चिकटून राहणारी पृष्ठभागांची जोडी म्हणजे गोल, किंवा अनंत त्रिज्येचा गोल धरला तर सपाट. म्हणून काचेच्या दोन चकत्यांमध्ये पावडर घालून घासत राहिलं की जिथे उंचवटा तिथे झीज होते आणि पृष्ठभाग आपसूक गोलाकडे जातो. कारागिराचा हात थोडा चुकला तरी निसर्ग सांभाळून घेतो.

अ‍ॅस्फेरिकमध्ये ही मदत उलटी फिरते. घासत राहाल तितकं ते पुन्हा गोलाकडे ओढलं जातं. बर्नहार्ड श्मिट या एका हाताच्या कारागिराने १९३० च्या सुमारास यावर काढलेली युक्ती मला अजूनही सगळ्यात देखणी वाटते. त्याने काचेची पातळ चकती निर्वाताने ओढून वाकवली, वाकलेल्या अवस्थेत नेहमीसारखी घासली आणि मग निर्वात सोडला. काच उसळून मूळ जागी आली आणि पृष्ठभागाला हवा तो अगोल आकार मिळाला. निसर्गाशी भांडण न करता त्याच्याकडूनच काम करून घेतलं. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये मात्र १९६० च्या दशकातही हाताने घासलेले अ‍ॅस्फेरिक पृष्ठभाग अतिमहागड्या मॉडेलपुरतेच होते. संगणकावर चालणारी यंत्रं आल्यावरच ही गोष्ट रोजची झाली.

४. लक्ष्मी रोडवरचा चष्मेवाला ‘अ‍ॅस्फेरिक घ्या, पातळ येईल’ म्हणतो. ती हीच का?

भूमितीच्या दृष्टीने हीच, काम मात्र वेगळं. चष्म्यात डोळ्याची बाहुली एका वेळी लेन्सचा दोन-चार मिमी तुकडाच वापरते, त्यामुळे प्रश्न २ मधला दोष तिथे फारसा जाणवत नाही. जास्त नंबराची लेन्स दिसायला बरी आणि पातळ हवी म्हणून ती चपटी करतात. चपटी केली की तिरकं पाहताना धूसर दिसू लागतं, आणि ते निस्तरायला अगोल आकार देतात. तिथली मोजमापं डायॉप्टरच्या, म्हणजे चष्म्याच्या नंबराच्या, दहाव्या हिश्शात असतात, आपण इथे बोलतोय ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागात. काकांना हेच सांगितलं होतं, त्यांना फारसं रुचलं नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवतात त्या अ‍ॅस्फेरिक लेन्सचा हेतू मात्र प्रश्न २ शी जवळचा आहे. आपल्या बुबुळावरच्या पारपटलात गोलीय विपथन असतं. ६ मिमी बाहुलीसाठी सरासरी ०.२७ मायक्रॉन. तरुणपणी डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ते बरंचसं खाऊन टाकतं. बसवलेल्या लेन्सला ऋण विपथन देऊन तेच काम तिच्याकडून करून घेतात.

५. ड्रॉइंगवर ‘के’ आणि खाली ए-४, ए-६ असे आकडे असतात. ते कसे वाचायचे?

अक्षापासून ठरावीक अंतरावर पृष्ठभाग किती खाली गेला आहे, त्याला सॅग म्हणतात. ड्रॉइंगवरचं समीकरण हा सॅग देतं. पहिला भाग शांकवाचा. त्यात मध्यावरची त्रिज्या आणि शांकव स्थिरांक ‘के’. के शून्य म्हणजे गोल, उणे एक म्हणजे अन्वस्त, त्यांच्या मध्ये लंबवर्तुळ, उणे एकच्याही खाली अपास्त. दुसरा भाग दुरुस्तीचा, अंतराच्या चौथ्या, सहाव्या, आठव्या घाताची पदं. ए-४, ए-६ हे त्यांचे सहगुणक.

सोपं वाटतं, पण सर्वात जास्त काच इथेच वाया जाते.

पहिला सापळा: काही जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘के’च्या जागी एक अधिक के असा आकडा लिहायची पद्धत होती. मी स्वतः एकदा ०.४ हा आकडा के समजून बारा ब्लँक (लेन्ससाठीचे कच्चे तुकडे) कापून मोकळा झालो. ग्राहकाला म्हणायचं होतं के उणे ०.६. मोजणी उत्तम आली, आकार अचूक होता, फक्त चुकीच्या लेन्सचा होता. २५ मिमी व्यास आणि ५० त्रिज्येला के एकने चुकला की कडेला पुन्हा तोच २५ मायक्रॉनांच्या आसपासचा फरक पडतो. त्यानंतर मी ड्रॉइंगबरोबर सॅगचा तक्ता आल्याशिवाय यंत्र चालू करत नाही.

दुसरा सापळा: आकडे राउंड ऑफ करून पाठवणं. दहाव्या घाताचा सहगुणक ‘शून्य दशांश, मग बारा शून्यं, मग एक’ असा असला तर एक्सेल तो सहज शून्य दाखवतं. पण १२.५ चा दहावा घात सुमारे नऊ हजार तीनशे कोटी होतो. गुणाकार करून पाहा, कडेला ९ मायक्रॉन येतात. शून्य वाटलेला आकडा अख्ख्या टॉलरन्सपेक्षा, म्हणजे चालेल एवढ्या चुकीपेक्षा, मोठा निघाला.

तिसरा सापळा चिन्हाचा. त्रिज्या धन कोणत्या बाजूला, आणि दुसऱ्या पृष्ठभागाचे सहगुणक लेन्स उलटवल्यावर बदलायचे की नाही. यावर वाद घालण्यापेक्षा सॅगच्या तक्त्यात पाच बिंदू द्या. मध्य, पाव, अर्धा, पाऊण आणि कड. आणि शेजारी एक चित्र काढा, कुठली बाजू फुगीर आहे ते दाखवणारं. अगोल पृष्ठभाग ड्रॉइंगवर कसा दाखवायचा यासाठी आयएसओ १०११० मालिकेतला भाग १२ आहे, तोच पाळा.

६. बनवायच्या पद्धती किती? माझ्या कामाला कोणती लागेल?

दोन गोष्टी सांगा, मटेरियल काय आणि नग किती. काच आणि मोजके नग असतील तर ग्राइंडिंग-पॉलिशिंग (प्रश्न ९). काच आणि हजारो नग असतील तर साच्यात दाबून (प्रश्न १०). इन्फ्रारेडसाठी जर्मेनियम, किंवा अ‍ॅल्युमिनिअमचा आरसा, किंवा प्लास्टिकचा नमुना असेल तर हिऱ्याच्या टूलने टर्निंग, म्हणजे लेथवर फिरवून कापणं (प्रश्न ७ आणि ८). प्लास्टिक आणि लाखो नग असतील तर इंजेक्शन मोल्डिंग (प्रश्न ११). तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात एकावर एक पाच-सात लेन्स असतात. बहुतेक फोनमध्ये त्या सगळ्या प्लास्टिकच्या आणि सगळ्या अ‍ॅस्फेरिक, काही तर उडत्या पक्ष्याच्या पंखांसारख्या दुहेरी वळणाच्या.

चाकणच्या पट्ट्यातून हेडलॅम्पच्या लेन्सबद्दल विचारणा येते. प्रोजेक्टर हेडलॅम्पमधली जाड, एका बाजूने सपाट लेन्स हीसुद्धा अ‍ॅस्फेरिकच, पण तिला चित्र काढायचं नसतं, रस्त्यावर प्रकाश टाकायचा असतो. तिच्यावर कधी मुद्दाम बारीक खडबडीतपणा ठेवतात, म्हणजे प्रकाशाची वरची रेघ आणि तिच्या कडेचा रंग सौम्य होतो. तो दोष समजून पॉलिश करून घालवू नका.

७. आमच्याकडे चांगला सीएनसी लेथ आहे. त्यावर डायमंड टूल लावून लेन्स निघेल का?

भोसरी एमआयडीसीतून हा प्रश्न महिन्याला एकदा तरी येतो आणि विचारणाऱ्याची निराशा होते. आकार निघेल, चकाकीही येईल, लेन्स नाही निघणार.

डायमंड टर्निंगच्या यंत्रात स्पिंडल हवेच्या थरावर फिरतो, बॉल बेअरिंगवर नाही, आणि त्याचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारा हेलकावा, काही दशक नॅनोमीटर असतो. सरकणारे भाग तेलाच्या दाबावर तरंगतात. पाया ग्रॅनाइटचा, खाली कंपनं शोषणारे पाय. टूल म्हणजे एकाच स्फटिकाचा नैसर्गिक किंवा कृत्रिम हिरा, धार सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेली. फिनिशचं गणित तुमच्या लेथचंच आहे: फीडचा (टूल दर फेरीला सरकतं त्या अंतराचा) वर्ग भागिले टूलच्या टोकाच्या त्रिज्येची आठपट. फेरीमागे ५ मायक्रॉन फीड आणि १ मिमी त्रिज्या असेल तर रेघांची उंची ३ नॅनोमीटर येते. पण हे कागदावर. तुमच्या स्पिंडलचं बेअरिंगच दोन मायक्रॉन थरथरत असेल तर ३ नॅनोमीटरला काय अर्थ?

आणि तापमान. २५ मिमी जाडीचं अ‍ॅल्युमिनिअम एका अंशाला अर्ध्या मायक्रॉनहून जास्त वाढतं. पुण्यात मे महिन्यात सकाळ ते दुपार पंधरा अंशांचा फरक नवा नाही. म्हणून खोली अंशाच्या दहाव्या हिश्शापर्यंत स्थिर ठेवावी लागते. आमच्याकडचं एक गुपित सांगतो. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी आणि त्यात दुरुस्तीसाठी वीज बंद, की शुक्रवारी सकाळी यंत्र चालू होतं पण ‘बसत’ नाही. एसी, तेल, ग्रॅनाइट सगळं पुन्हा एका तापमानाला यायला कित्येक तास जातात. शुक्रवारी सकाळी फायनल कट घ्यायचा नाही, हा नियम आम्ही दोन जॉब फुकट घालवून शिकलो.

तुमच्या लेथचा उपयोग आहे, बरं का. ब्लँकचं रफिंग, फिक्सचर (जॉब पकडून ठेवायची चौकट), लेन्स धरायची नळी. या कामांची खरी टंचाई आहे आणि ती तुम्ही चांगली कराल.

८. हिरा सगळ्यात कठीण, मग काच का नाही कापत? स्टीलसुद्धा नाही म्हणता.

कापतो, पण काच ठिसूळ आहे. छिलका निघण्याऐवजी टवके उडतात. फारच बारीक कट घेतला तर काच न फुटता धातूसारखी कापली जाते हे खरं, पण टूलची धार इतक्या लवकर जाते की लेन्स पूर्ण होईपर्यंत आकार बदललेला असतो. जर्मेनियमही ठिसूळच, तरी ते टूलचा कोन उणे वीस-पंचवीस अंश ठेवून उत्तम कापलं जातं. म्हणून थर्मल कॅमेऱ्याच्या लेन्स याच पद्धतीने होतात. जर्मेनियमचा अपवर्तनांक ४ आहे. कोटिंग नसेल तर एकेका पृष्ठभागावर ३६ टक्के प्रकाश परत जातो, त्यामुळे कोटिंगचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

स्टीलची अडचण रासायनिक. गरम झालेल्या हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळतो आणि हिरा झिजतो. साचे स्टीलचेच हवे असतील तर त्यावर निकेल-फॉस्फरसचा थर चढवतात आणि तो थर टर्न करतात. टूलला अल्ट्रासॉनिक कंपनं देऊन थेट स्टील कापायची पद्धतही आहे, पण ती खास कामाची.

९. मग काचेची अ‍ॅस्फेरिक नेमकी घडते कशी?

आधी सीएनसी ग्राइंडिंग. हिऱ्याचे कण बसवलेलं चाक काचेवरून ठरलेल्या वाटेने फिरतं. आकार मायक्रॉनच्या घरात येतो, पण पृष्ठभाग दुधी असतो आणि खाली बारीक तडे गेलेले असतात. हे तडे दिसत नाहीत, म्हणून नवखे लोक पॉलिश लवकर थांबवतात. महिन्याभराने कोटिंगवाल्याकडून फोन येतो की जाळं दिसतंय. आधीच्या टप्प्याचे तडे पुढच्या टप्प्यात पूर्ण काढायचे, हा हिशेब ग्राइंडिंगच्या वेळीच करायचा असतो.

पॉलिशला सीरियम ऑक्साइड. गोल लेन्सला पूर्ण आकाराचं पिचचं (डांबरासारख्या पदार्थाचं) टूल चालतं, इथे चालत नाही, कारण दर बिंदूला वक्रता वेगळी. म्हणून लहान किंवा फुग्यासारखं लवचीक टूल, आणि ते प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबेल यावर किती काच जाईल हे ठरतं. मोजा, जिथे उंच आहे तिथे जास्त थांबवा, परत मोजा. दोन-तीन फेऱ्यांत जमलं तर नशीब.

शेवटचे काही दशक नॅनोमीटर काढायला चुंबकीय द्रवाची पद्धत आहे. लोखंडाचे सूक्ष्म कण आणि पॉलिशची पावडर असलेला द्रव चुंबकाखाली घट्ट होतो आणि तेवढ्यापुरतं टूल बनतो. हे टूल झिजत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याहूनही पुढे आयनांचा झोत, निर्वातात. आठवड्याचं काम आणि तितकाच खर्च.

अपवाद लक्षात ठेवा. अंतर्वक्र पृष्ठभागाची त्रिज्या चाकाच्या त्रिज्येपेक्षा लहान असेल तर चाक आत जातच नाही. डिझाइन करणाऱ्याला हे स्क्रीनवर दिसत नाही.

१०. काच साच्यात दाबून करतात म्हणे. स्वस्त पडतं का?

नग हजारोंत असतील तर खूप. काचेचा गोळा मऊ होईपर्यंत तापवायचा, नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात टंगस्टन कार्बाइडच्या साच्यात दाबायचा, सावकाश गार करायचा. बाहेर येते ती तयार लेन्स, पॉलिश लागत नाही. पण सगळी मेहनत साच्यात गेलेली असते. कार्बाइडवर तोच अगोल आकार आणि तीच चकाकी आणायची म्हणजे प्रश्न ९ मधलं अर्धं काम तिथे करावंच लागतं.

नेहमीची बीके-७ जातीची काच ५५७ अंशांवर मऊ होऊ लागते. साच्याच्या आयुष्यासाठी त्याहून कमी तापमानाच्या खास काचा वापरतात. आणखी एक गोष्ट डिझाइनरना उशिरा कळते. दाबून पटकन गार केलेल्या काचेचा अपवर्तनांक तिसऱ्या दशांश स्थानी घसरतो. कॅटलॉगमधला आकडा घालून डिझाइन केलं तर फोकस सरकलेला मिळतो. दाबल्यानंतरचा आकडा काचवाल्याकडून मागून घ्या.

११. प्लास्टिक चालेल?

चित्र काढायचं असेल आणि तापमान फार बदलत नसेल तर चालेल. थंड होताना प्लास्टिक आकसतं, म्हणून साचा मुद्दाम ‘चुकीचा’ कापतात, मोजतात, पुन्हा कापतात. ओरखडे, पाणी शोषणं आणि उन्हात फोकस सरकणं या तीन तक्रारी येतातच.

१२. मोजायचं कसं? आमच्याकडे गोल लेन्सचा टेस्ट प्लेट सेट आहे.

टेस्ट प्लेट म्हणजे लेन्स टेकवून ताडून पाहायची गोल पृष्ठभागाची नमुना काच, म्हणून तो सेट इथे निरुपयोगी. माझं मत विचाराल तर अ‍ॅस्फेरिकच्या धंद्यात घडवणं ही दुय्यम गोष्ट आहे. यंत्र विकत मिळतं. मोजणी जमली तरच पुढची प्रत्येक फेरी बरोबर दिशेने जाते.

सगळ्यात सरळ मार्ग प्रोफायलोमीटरचा. हिऱ्याची किंवा रुबीची सुई मध्यातून कडेपर्यंत नेऊन रेघ काढायची. एका रेघेवर विश्वास ठेवू नका, किमान दोन काढा, एकमेकींना काटकोनात. प्रकाशाने मोजायचं तर इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या दोन लाटा एकमेकींवर टाकून पट्टे पाडणारं उपकरण, पण त्यातून गोल लाट निघते आणि लेन्स अगोल, त्यामुळे पट्टे इतके दाट होतात की कॅमेऱ्याला वेगळे दिसत नाहीत. मग मध्ये संगणकाने आखलेली होलोग्रामची प्लेट ठेवून लाटेलाच लेन्सचा आकार देतात. ती प्लेट एकाच डिझाइनला चालते, दुसऱ्याला नवी. किंवा लहान लहान तुकडे मोजून ते जोडतात.

आणि एकाच मोजणीवर कधी विसंबू नका. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा हे याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण. तो आरसा अतिशय गुळगुळीत घासला होता, पण ज्या उपकरणाने मोजून घासला त्यातली एक लेन्स १.३ मिमी चुकीच्या जागी बसली होती. आरशाची कड सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट झाली. दुसऱ्या, कमी अचूक समजल्या जाणाऱ्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती, ती दुर्लक्षित राहिली. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि चित्रं धूसर आली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीची प्रकाशिकी बसवली. आपल्याकडे अंतराळवीर पाठवायची सोय नाही, म्हणून दुसऱ्या पद्धतीने, अगदी साध्या सुईने का होईना, एकदा ताडून पाहा.

१३. टॉलरन्स किती लिहू? ‘जितकं चांगलं तितकं’ लिहिलं तर?

तर कोटेशन येणार नाही, किंवा आलं तर पाहून बसावं लागेल. लाइट गोळा करायच्या लेन्सला काही मायक्रॉन चालतात. कॅमेऱ्याला मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी. लेसरचा किरण समांतर करायला पाव मायक्रॉनच्या आसपास. त्याखाली गेलात की प्रश्न ९ मधल्या शेवटच्या पद्धती लागतात.

उंचवटा-खळग्यातलं एकूण अंतर म्हणजे पीव्ही, आणि सगळ्या पृष्ठभागाची सरासरी चूक म्हणजे आरएमएस. पीव्ही एका धुळीच्या कणानेही वाढतो, म्हणून आरएमएसही द्या. आरसा आणि लेन्स यांचं माप एक नाही. लेन्सच्या पृष्ठभागावरची चूक प्रकाशात साधारण अर्धी होऊन उतरते, आरशावरची दुप्पट. म्हणजे तोच दर्जा हवा तर आरसा चौपट काटेकोर. हे विसरून लेन्सचं ड्रॉइंग आरशाला चिकटवलेलं मी पाहिलं आहे.

स्क्रॅच-डिगचे (ओरखडे आणि खड्ड्यांचे) ६०-४०, २०-१० हे आकडे दिसण्यापुरते असतात. दुसरा आकडा खड्ड्याचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ४० म्हणजे ०.४ मिमी. इमेज तयार होते त्या जागेजवळ नसलेल्या लेन्सवर २०-१० मागून पैसे वाया घालवू नका.

१४. दोन्ही बाजू अ‍ॅस्फेरिक केल्या तर एक लेन्स कमी लागेल ना?

लागेल, आणि डोकेदुखी एक वाढेल. गोल पृष्ठभागाला स्वतःचा असा अक्ष नसतो. केंद्रातून जाणारी कोणतीही रेघ चालते. त्यामुळे साध्या लेन्समध्ये दोन केंद्रं जोडली की अक्ष मिळतो आणि कड त्याप्रमाणे कापून सेंटरिंग होतं. अ‍ॅस्फेरिक पृष्ठभागाला मात्र स्वतःचा एकच अक्ष. एका बाजूला अ‍ॅस्फेरिक आणि दुसरीकडे गोल असेल तर गोलाचं केंद्र अ‍ॅस्फेरिकच्या अक्षावर आणायचं, एवढंच. दोन्ही बाजू अ‍ॅस्फेरिक असतील तर दोन अक्ष सरकलेले असू शकतात आणि एकमेकांना तिरकेही. कड कितीही कापली तरी ते जुळत नाहीत, फिक्सचरमध्येच जुळवावे लागतात. साच्यात दाबणार असाल तर ते साच्याच्या दोन भागांवर अवलंबून.

१५. फोटोत मागच्या दिव्यांच्या गोळ्यांत कांद्याच्या चकत्यांसारखी वर्तुळं दिसतात. लेन्स खराब आहे का?

खराब नाही. साचा टर्न किंवा ग्राइंड करताना राहिलेल्या बारीक लाटा लेन्सवर छापल्या जातात आणि फोकसबाहेरच्या दिव्यात त्या वर्तुळांसारख्या दिसतात. नॅनोमीटरच्या लाटा आहेत, पीव्हीमध्ये कळत नाहीत. टर्न केलेल्या आरशावर इंद्रधनुष्य दिसतं ते याच कुळातलं. ठरावीक अंतराच्या रेघा प्रकाशाचे रंग फाकवतात. ते नको असेल तर टर्निंगनंतर पॉलिश मागा आणि ड्रॉइंगवर मध्यम लांबीच्या लाटांची मर्यादा लिहा.

१६. घरी दुर्बिणीचा आरसा घासतोय. अन्वस्त करायलाच हवा का?

१५० मिमी व्यास आणि एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) असेल तर जेमतेम गोलावरही भागतं. गोल आणि अन्वस्त यांतला फरक फोकस जुळवल्यावर पृष्ठभागावर ०.०७ मायक्रॉन उरतो, म्हणजे प्रकाशात पाव तरंगलांबीच्या आसपास. तोच व्यास एफ/५ ला नेलात की हा फरक चौपट होतो आणि अन्वस्त केल्याशिवाय ग्रह स्पष्ट दिसत नाही. तपासायला लिओं फूकोची सुमारे १८५८ ची सुरीधारेची चाचणी अजूनही पुरते. एक दिवा, एक ब्लेड आणि संयम. १९४४ पासून पुण्यात असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत किंवा आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या कार्यशाळांत हे हाताने केलेली माणसं भेटतात. वाचण्याआधी त्यांना भेटा.

कुणीतरी विचारलं होतं की खोडदची अँटेना जाळीची चालते, मग आरसा इतका काटेकोर का? प्रमाण एकच आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या २१ सेंमी आणि त्याहून लांब लाटा टिपतात. २१ सेंमीचा दहावा भाग दोन सेंटीमीटर, तिथे जाळीही आरसाच. हिरव्या प्रकाशाची लाट ०.५५ मायक्रॉनची, तिचा दहावा भाग ५५ नॅनोमीटर.

१७. अ‍ॅस्फेरिक लावली की रंगांची झालरही जाते ना?

नाही. झालर येते ती काच वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळं वळवते म्हणून. आकार बदलून ते जात नाही. दोन जातींच्या काचा जोडाव्याच लागतात. आणखी एक: प्रश्न २ मधली पूर्ण दुरुस्ती फक्त अक्षावरची आहे. एका बिंदूसाठी परिपूर्ण असलेली लेन्स बाजूच्या बिंदूंना धूमकेतूसारखी शेपटी लावते. लेसरसाठी घेतलेली अ‍ॅस्फेरिक कॅमेऱ्याला लावून ‘साध्यापेक्षा वाईट’ म्हणणारे बरोबरच म्हणतात.

१८. पावसाळ्यात लेन्सवर जाळं आलं. पुसू का?

कोरड्याने नको. बुरशी असेल तर ती कोटिंग खाते, आणि उशीर झाला तर पुसल्यावरही खूण राहते. जून ते सप्टेंबर लेन्स घट्ट डब्यात सिलिका जेलसह ठेवा. कातडी पाकिटात तर नकोच.

१९. प्रोजेक्टसाठी एकच नग हवाय. कुणी करून देईल?

देईल, पण मागू नका. एका नगासाठीही ब्लँक, फिक्सचर, प्रोग्रॅम आणि मोजणी हे सगळं पूर्ण करावं लागतं. आधी तयार कॅटलॉग बघा. १० ते ५० मिमी व्यासाच्या शेकडो अ‍ॅस्फेरिक तयार मिळतात, आणि डिझाइन थोडं वाकवलं तर त्यातली एक बसते. नाहीच बसली तर एक बाजू सपाट ठेवा, व्यास जगात सगळे वापरतात तोच ठेवा, काच एन-बीके७ सारखी सहज मिळणारी घ्या, आणि ड्रॉइंगबरोबर सॅगचा तक्ता पाठवा (प्रश्न ५). शुक्रवारी सकाळी मात्र फोन करू नका.